दोन रात्री, चार माणसं, बावन्न दरवाजे

प्रश्न : मीना प्रभू यांचं 'तुर्कनामा' वाचल्यापासून इस्तंबूल डोक्यातून जात नाही. आमच्या सोसायटीतल्या एक ताई तिथे राहून आल्या. जुन्या शहरात अगदी मधोमध छोटंसं, साधं हॉटेल घेतलं आणि सगळं पायीच पाहिलं, असं त्या सांगतात. आम्हाला इस्तंबूल इतक्यात परवडायचं नाही. पण असाच मुक्काम छत्रपती संभाजीनगरला करता येईल का? मी, हे, दहा वर्षांची मुलगी आणि ७६ वर्षांच्या सासूबाई असे चौघं आहोत. दोन रात्री राहायचं आहे आणि रात्रीला दोन हजारांच्या वर जायचं नाही. ॲपवर 'सिटी सेंटर' टाकलं की चारी दिशांची हॉटेलं समोर येतात. नेमकं राहावं कुठे?
– एक वाचक, कळंबोली

उत्तर : राहता येईल, आणि दोन हजारांत बसेलही. मात्र इस्तंबूलचा हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका.

तुमच्या त्या ताई बहुधा सुलतानअहमद किंवा त्याच्या उताराला असलेल्या सिर्केजी भागात राहिल्या असणार. तिथे आया सोफिया आणि निळी मशीद समोरासमोर उभ्या आहेत. तोपकापी राजवाडा मागच्या अंगाला, जमिनीखालचं बायझंटाइन पाण्याचं टाकं रस्ता ओलांडला की, आणि झाकलेला मोठा बाजार ट्रामने दोन-तीन थांब्यांवर. या सगळ्याच्या मधल्या गल्ल्यांतच छोटी हॉटेलं आहेत. झोपायची जागा आणि पाहायची जागा एकच, त्यामुळे मध्यवस्तीतल्या हॉटेलाला दोन पैसे जास्त मोजले तरी ते वसूल होतात.

संभाजीनगरचं तसं नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, १६५३ मध्ये औरंगजेबाने तिला आपलं नाव दिलं आणि पुढे तिच्याभोवती कोट उभा राहिला. त्या कोटाच्या आतलं जुनं शहर म्हणजे गुलमंडी, सराफा, सिटी चौक, शहागंज. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात ते हेच. पण ज्यासाठी माणसं लांबून येतात त्यातलं फारसं काही या कोटाच्या आत नाही. बीबी का मकबरा कोटाबाहेर उत्तरेकडे. पाणचक्की खाम नदीच्या काठावर. देवगिरीचा म्हणजे दौलताबादचा किल्ला पंधरा किलोमीटरवर, वेरूळ तीस किलोमीटरवर, तर अजिंठा शंभर किलोमीटरवर आणि तोही दुसऱ्याच दिशेला. गुलमंडीच्या ऐन मध्यात खोली घेतलीत तर तुम्ही बाजाराच्या मध्यात असाल, बाकी प्रत्येक ठिकाणी जायला वाहन लागेलच.

म्हणून तुमचं 'सेंटर' नकाशावर शोधू नका. सकाळी साडेसातला तुम्हाला कुठे उभं राहायचं आहे, तिथून शोधायला लागा. तुमच्या बाबतीत ती जागा म्हणजे एसटीचं मध्यवर्ती बसस्थानक.

बसस्थानकावर इतका जोर का, याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, २०२३ च्या मार्चपासून. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, २०२२ च्या ऑगस्टपासून. सासूबाईंचं आधार कार्ड तेवढं जवळ हवं. मुलगी बारा वर्षांच्या आतली, म्हणून तिचंही अर्धंच. यजमान मात्र पूर्ण भरणार. थोडक्यात, चार माणसांचा वेरूळचा प्रवास दोन तिकिटांत होतो. कन्नड, चाळीसगाव, धुळे या बाजूच्या गाड्या वेरूळवरूनच जातात. त्याच फेरीसाठी हॉटेलवाल्याने ठरवून दिलेली टॅक्सी आणि हे दोन तिकिटांचे पैसे शेजारी मांडून बघा, म्हणजे खोलीत दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा बसस्थानकाच्या चालत्या अंतरावर राहणं किती स्वस्त पडतं ते कळेल.

आता मुक्कामाचा पट्टा. रेल्वे स्थानकातून निघणारा स्टेशन रोड, बाबा पेट्रोल पंपाचा चौक, तिथून डावीकडे वळलं की मध्यवर्ती बसस्थानक आणि समोर जालना रोडने पुढे गेलं की क्रांती चौक. स्टेशन ते बसस्थानक हे अंतर दोनेक किलोमीटर. साध्या लॉजपासून मध्यम हॉटेलांपर्यंत सगळं याच पट्ट्यात दाटीने आहे. एमटीडीसीचं पर्यटक निवासही स्टेशन रोडवरच आहे. तिथलं आवार मोकळं आहे, दर मात्र हंगामाप्रमाणे हलतात, तेव्हा तुमच्या तारखांना ते दोन हजारांत बसतंय का ते आधी पाहावं लागेल. या पट्ट्यातून गुलमंडीला रिक्षाने दहा मिनिटं, पाणचक्कीला त्याहून कमी. माझं मत विचाराल तर बसस्थानक आणि क्रांती चौक यांच्या दरम्यान, पण बसस्थानकाच्या अगदी तोंडावर नको. तिथे रात्रभर हॉर्न वाजतात आणि खालच्या टपऱ्या पहाटे उघडतात. एखादी गल्ली आत सरकलात की झोप मिळते.

एक फसगत खास कळंबोलीकरांची होऊ शकते. ॲपवर 'सिडको' असं लिहिलेली बरीच हॉटेलं दिसतील आणि तुम्हाला ते नाव घरचं वाटेल. संभाजीनगरातही सिडकोने वसवलेलं नवं शहर आहे. तुमच्याकडे सेक्टर आहेत, तिथे एन-वन, एन-टू अशी नावं आहेत आणि वेगळं सिडको बसस्थानकही आहे. वसाहत नीटनेटकी आहे, खोल्या नव्या असतात, रस्ते रुंद आहेत. कामानिमित्त चिकलठाण्याकडे येणाऱ्यांना ती सोयीची. पण तुमचं वेरूळ पश्चिमेला आणि सिडको पूर्वेला. रोज सकाळी अख्खा जालना रोड उलट कापत यायचं असेल तरच तिथे राहा. कळंबोलीहून पुणे-अहिल्यानगर मार्गाने जाणारी खासगी बस धरणार असाल, तर कुठे उतरायचं हेही आताच विचारून ठेवा. बाबा पेट्रोल पंपाला उतरलात तर खोली पाच मिनिटांवर, झोपेत सिडकोपर्यंत गेलात तर भल्या पहाटे परतीची रिक्षा.

दुसरी फसगत नावाचीच. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, रेल्वे स्थानकाचं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. काही ठिकाणी अजून जुनंच नाव चालतं, आणि जुन्या नावाने शोधलं की बिहारमधलं औरंगाबादही यादीत येतं. स्वस्त खोली दिसली म्हणून घाईने बटण दाबण्याआधी पत्त्यात महाराष्ट्र आहे ना, ते बघा.

कोटाच्या आत राहूच नये, असं मी म्हणत नाही. गुलमंडी, पैठण गेट, शहागंज या भागांत जुने लॉज आहेत आणि ते स्वस्तही आहेत. तरुण असता, पाठीवर एकच पिशवी असती, तर मी तुम्हाला तिथेच पाठवलं असतं. सकाळी दुकानं उघडायच्या आधीचा सराफा आणि रात्री नान-खलियाच्या भट्ट्यांचा वास, हे स्टेशन रोडला मिळत नाही. पण या इमारतींत लिफ्ट क्वचित, जिने अरुंद आणि चढे, रिक्षा दारापर्यंत येईलच असं नाही. ७६ वर्षांच्या माणसाला दिवसातून चार वेळा तो जिना चढायला लावू नका. जुनं शहर तुम्ही संध्याकाळी पायी बघा आणि झोपायला बाहेर या.

आता पाणी. संभाजीनगरात हॉटेल घेताना हा प्रश्न वायफायच्या आधी विचारायचा. शहराला पाणी जायकवाडीहून येतं, आणि वर्षानुवर्षं कित्येक वसाहतींत ते काही दिवसांआडच येत आलं आहे. हॉटेलं टँकर आणि बोअरवर भागवतात. म्हणून विचारा : नळाला चोवीस तास पाणी आहे का? गरम पाणी किती ते किती? स्वस्त हॉटेलांत सौर बंबाचं गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच मिळतं आणि उशिरा उठणाऱ्याला गार पाण्याने आंघोळ करावी लागते. 'मिळेल ना' हे उत्तर धरू नका, वेळ सांगायला लावा.

ज्या शहरात आज हा प्रश्न विचारावा लागतो, ते शहर एके काळी पाण्याच्या करामतीसाठीच नावाजलेलं होतं. मलिक अंबरने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, उताराच्या जोरावर, वस्तीपर्यंत आणलं. ती नहर-ए-अंबरी. पाणचक्कीही याच विद्येतली. कित्येक किलोमीटर लांबून मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंचावरून खाली पडतं आणि त्याच्या जोरावर जातं फिरतं. ते जातं कुणासाठी दळत होतं? बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी. तिथला मोठा हौद बघाल तर त्याच्या तळाखाली एक दालन आहे. वर पाणी, खाली मुक्काम. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याहून थंड खोली दुसरी नसेल. या शहरातली परवडणाऱ्या मुक्कामाची सोय अशी जुनी आहे, आणि तिथे दळण फुकट होतं. मुलीला ते जातं नक्की दाखवा.

खोलीच्या दराबद्दल एक सांगतो. ॲपवर दिसणारा आकडा बहुतेक वेळा दोन माणसांचा असतो. तुम्ही चौघं. 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे पलंग नव्हे, बहुधा जमिनीवर घातलेली गादी. सासूबाईंना खालून उठणं जमत नसेल तर चार खाटांची फॅमिली रूम मागा. ती बऱ्याच लॉजमध्ये असते, ॲपवर मात्र नसते. त्यासाठी फोनच करावा लागतो. फोनवर आधी तारीख सांगा, मग माणसं आणि वयं, मग 'साइटवर एवढा दर दिसतोय, थेट आलो तर काय घ्याल?' असं सरळ विचारा. मालक गल्ल्यावर असेल तर दर खाली येतो. नोकर असेल तर 'सेठला विचारून सांगतो' म्हणतो, तेव्हा तासाभराने पुन्हा लावा. लिफ्ट आहे का, नसेल तर तळमजल्यावर खोली मिळेल का, संडास कमोडचा आहे का, खिडकी बाहेर उघडते की पॅसेजमध्ये, आणि शेजारी मंगल कार्यालय आहे का, एवढं विचारून घ्या. शेवटचा प्रश्न थट्टेचा नाही. लग्नसराईत बँडच्या शेजारची खोली फुकट दिली तरी महाग पडते. खोलीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवायला लाजू नका, हल्ली सगळे पाठवतात.

हॉटेलचा नंबर इंटरनेटवर जो पहिला दिसेल तो खरा धरू नका. खोट्या नंबरांवरून क्यूआर कोड पाठवून आगाऊ रक्कम उकळणारे बरेच आहेत, भक्तनिवास आणि सरकारी पर्यटक निवासांच्या नावाने तर जास्तच. खोली जागेवर पाहून पैसे द्यायची सोय असेल तर तीच घ्या. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, दुसऱ्या दिवशी नव्हे.

पोहोचायची वेळ खर्चात कशी शिरते तेही बघा. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस संभाजीनगरला भल्या पहाटे चार-साडेचारच्या सुमारास सोडते. दुपारी बाराला चेक-इन असलेल्या हॉटेलात तुम्हाला एक तर आदल्या रात्रीचे पैसे भरावे लागतात, नाही तर सासूबाईंना घेऊन बाकावर बसावं लागतं. यावर दोन उपाय आहेत. चोवीस तासांचं चेक-आउट देणारा लॉज शोधा; जुन्या पद्धतीचे बरेच लॉज ते देतात आणि पाटीवर तसं लिहिलेलं असतं. किंवा स्टेशनवरची रिटायरिंग रूम घ्या. ती आयआरसीटीसीवर पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर मिळते आणि काही तासांसाठीही घेता येते. तिसरा मार्ग मला जास्त आवडतो. मानसरोवरहून पहाटेची ठाणे लोकल धरा आणि ठाण्याला सकाळची तपोवन एक्सप्रेस पकडा. दुपारी जेवायच्या वेळेला पोहोचाल, खोली तयार असेल आणि संध्याकाळ पाणचक्की-मकबऱ्याला मोकळी. रात्रभराची झोप घरच्या गादीवर झालेली असेल ते वेगळंच.

तारखा ठरवताना दोन वार पाठ करा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तिथल्या घृष्णेश्वर मंदिरामुळे वेरूळचा रस्ता भरून वाहतो. नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा भरते, ती बसस्थानकाच्याच बाजूला. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या नामविस्तार दिनासाठी मराठवाडाभरातून लोक येतात. त्या दिवसांत लॉज भरलेले असतात आणि दराबद्दल घासाघीस चालत नाही.

दोन रात्रींत अजिंठा कोंबू नका, हा माझा आग्रह समजा. शंभर किलोमीटर जायचं, फाट्यावर उतरून एसटीच्या दुसऱ्या गाडीने लेण्यांपर्यंत जायचं, वर पायऱ्या, आणि तेवढंच अंतर परत. डोली मिळते हे खरं, पण दिवस सगळा जातो आणि सासूबाई दुसऱ्या दिवशी खोलीत झोपून राहतात. अजिंठ्यासाठी पुढच्या खेपेला जळगावला किंवा पायथ्याच्या फर्दापूरला मुक्काम करा. यावेळी एक पूर्ण दिवस वेरूळला द्या. कैलास लेणं प्रवेशद्वारातून जवळच आहे, आणि वयस्कर माणसाला अंगणातल्या सावलीत बसूनही त्यातलं निम्मं पाहता येतं. तिकीट आणि बससाठी सुटे पैसे मात्र जवळ ठेवा.

वेरूळहून येताना खुलताबादेत थांबलात तर इस्तंबूलची एक आठवण तुम्हाला अनपेक्षितपणे भेटेल. तुर्की प्रजासत्ताकाने १९२४ मध्ये खिलाफत रद्द केली आणि शेवटचे खलिफा दुसरे अब्दुल मजीद यांना देशाबाहेर घालवलं. ते फ्रान्समध्ये राहिले. १९३१ मध्ये त्यांची मुलगी दुर्रुशेहवार हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाला दिली. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. खलिफांसाठी खुलताबादच्या परिसरात तुर्की धाटणीची कबर बांधून ठेवली गेली. ते १९४४ मध्ये पॅरिसला वारले आणि अखेर दफन झालं ते मदिनेत. इथली कबर रिकामीच राहिली. इस्तंबूलला न जाता तुर्कस्तानच्या इतक्या जवळ महाराष्ट्रात दुसरीकडे जाता येणार नाही.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र कळंबोलीहून गाडी घेऊन समृद्धी महामार्गाने संभाजीनगरला जायचं म्हणतोय. मुक्काम जुन्या शहरातच हवा. जमेल? आणि हॉटेलच्या बिलावर कर किती?
– लोखंड बाजारातला एक वाचक

उत्तर : जमेल, पण गाडी जुन्या शहरात नेऊ नका. गुलमंडी-सिटी चौकात गाडी लावायला जागा मिळणं हा नशिबाचा भाग आहे. पार्किंग असलेली खोली स्टेशन रोडला घ्या किंवा गाडी तिकडे ठेवून रिक्षाने आत या.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून सबंध ७०१ किलोमीटर खुला आहे, पण तो सुरू होतो भिवंडीजवळच्या आमणेला. कळंबोलीहून तिथपर्यंत शिळफाटा, मुंब्रा बायपास आणि भिवंडीची गर्दी पार करावी लागते, म्हणून सहाच्या आत निघा. दुचाकी तिथे चालत नाही, तेव्हा कुणी बाइकवर मागून येतो म्हणत असेल तर त्याला आताच सांगा. पुणे-अहिल्यानगरचा जुना रस्ता टोलला हलका पडतो आणि एक्स्प्रेस-वे तुमच्या दारातूनच सुरू होतो, पण पुणं ओलांडण्यातच सकाळ जाते.

कर : २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे, त्याआधी तो बारा होता. बिल मागा आणि जुना दर लावलेला नाही ना, ते पाहा.

समृद्धीवरून माळीवाड्याला उतरलात तर तिथून दौलताबाद अगदी जवळ आहे आणि वेरूळ त्याच्या पुढे. शहरात जाऊन सामान टाकून परत यायचा फेरा घालू नका. तसेच सरळ किल्ल्याकडे वळा, वर चढायचं असेल तर ऊन चढायच्या आत, मग वेरूळ करा आणि हॉटेलात संध्याकाळी जा. उशिरा येतोय असा फोन मात्र हॉटेलला दुपारीच करून ठेवा, नाही तर तुमची खोली दुसऱ्याला दिलेली असेल.